चाकापर्यंत पोंचलेली अश्वशक्ति

मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर भुसावळ, अकोला, मूर्तिजापूर हीं स्थानकें मागें टाकल्यावर बडनेरा जंक्शन लागतें. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा हा मार्ग इ. स. १८६७ मध्यें वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोंचला, आणि पुढें थोड्याच वर्षांत बडनेऱ्यापासून अमरावतीपर्यंत सुमारें सहा मैलांचा एक फांटा निघाला. एवढ्या लहान फांट्याचें प्रयोजन मुख्यतः कापूस हेंच होतें. आगगाडी येण्यापूर्वीं अमरावतीच्या बाजारांतील कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून गंगेकांठच्या मिर्झापुरापर्यंत, म्हणजे सुमारें ५०० मैल, जात असे. बैलाच्या पाठीवरचें हें ओझें वाफेच्या एंजिनानें उचललें. परंतु व्यापाऱ्याचा जुना प्रश्न कायमच राहिला. ओढणाऱ्याच्या अंगांत बळ किती, आणि त्यांतील प्रत्यक्ष मालाच्या वांट्यास येतें किती?

हा प्रश्न वऱ्हाडच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावा लागत नाहीं. बैलबाजारांत तो जोडीचें वशिंड पाहतो, छाती पाहतो, खूर पाहतो, दांत मोजतो; पण एवढ्यानें त्याचें समाधान होत नाहीं. जूं मानेवर ठेवून गाडी ओढवून पाहिल्याखेरीज सौदा पुरा होत नाहीं. वऱ्हाडांतील शंकरपटाची रीत याच वृत्तींतून आलेली दिसते. अमरावती जिल्ह्यांतील तळेगांव दशासर येथील शंकरपट प्रसिद्ध आहे. सरळ आंखलेल्या पट्टीवर जोडी सुटते आणि पल्ला पुरा करण्यास किती वेळ लागला तो घड्याळानें मोजला जातो. मालकाचा अभिमान, जोडीची किंमत, गांवाची भीड, यांपैकीं एकाचेंहि त्या घड्याळापुढें कांहीं चालत नाहीं. न्यायालयाच्या निर्णयामुळें २०१४ सालीं या शर्यती बंद पडल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्यें महाराष्ट्रांत त्यांस सशर्त परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यासंबंधींचा कायदा ग्राह्य ठरविला.

आतां बैलाच्या जागीं मोटार ठेवावी. मागील दार वर उघडणाऱ्या, चार माणसांच्या, बाजारहाटास सोयीच्या अशा लहान मोटारीस हॅचबॅक म्हणतात. अशाच मोटारींत तिच्या अंगापेक्षां मोठ्या ताकदीचें एंजिन बसविलें म्हणजे ती ‘हॉट हॅचबॅक’ होते. त्या एंजिनास हवा दाबून भरणारा सुपरचार्जर जोडला तर ताकद आणखी वाढते. अशा मोटारीचा मालक कौतुकानें तिला शक्तिमापक यंत्रावर नेतो. तेथें तिचीं चाकें मोठ्या रोलरांवर फिरविलीं जातात आणि पडद्यावर आंकडा उमटतो. कंपनीच्या पत्रकांत १६० अश्वशक्ति छापलेली असावी आणि येथें १३५ च दिसावी, असा प्रकार नेहमींचा आहे. मालक चपापतो. कंपनीनें फसविलें, कीं यंत्र खोटें बोलतें? बहुतेक वेळां दोन्हीं पक्ष खरें बोलत असतात. मात्र ते दोन निरनिराळ्या ठिकाणचें माप सांगत असतात. हें नीट समजण्यासाठीं अश्वशक्ति या शब्दाचा जन्म कोठें झाला तेथपर्यंत मागें गेलें पाहिजे.

तो जन्म प्रयोगशाळेंत झाला नसून व्यापारांत झाला. अठराव्या शतकांत इंग्लंडमध्यें जेम्स वॅट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांनीं वाफेचें सुधारलेलें एंजिन विकण्यास आरंभ केला. खाणींतून पाणी उपसण्यासाठीं तेथें पूर्वीं न्यूकोमेनचीं एंजिनें असत. वॅटच्या एंजिनास कोळसा कमी लागे, म्हणून वांचलेल्या कोळशाच्या किंमतीचा एक तृतीयांश भाग या भागीदारांनीं घ्यावा असा करार होई. परंतु ज्या गिरण्यांत पूर्वीं एंजिनच नव्हतें आणि घोडे फिरून जातें चालवीत, त्या गिरणीवाल्याशीं हिशेब कसा करावयाचा? त्याची भाषा घोड्यांची होती. म्हणून वॅटनें घोडाच माप म्हणून घेतला. बारा फूट त्रिज्येच्या वर्तुळांत घोडा तासास १४४ फेरे घालतो आणि १८० पौंडांच्या जोरानें ओढतो, असें धरून त्यानें गुणाकार केला. उत्तर मिनिटास सुमारें ३२,६०० फूट-पौंड येतें. तें सोयीसाठीं ३३,००० असें पुरें करण्यांत आलें. हीच एक अश्वशक्ति. सामान्य घोडा दिवसभर इतकें काम करूं शकत नाहीं हें खरें. परंतु विकणाऱ्यानें माप सढळ ठेवलें असल्यामुळें घेणाऱ्याची तक्रार राहिली नाहीं.

पुढें फ्रान्स, जर्मनी वगैरे देशांनीं मीटर आणि किलोग्रॅम स्वीकारल्यावर आपली वेगळी अश्वशक्ति ठरविली. सेकंदास ७५ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारें ७३५.५ वॅट, हें तिचें मूल्य होय. इंग्रजी अश्वशक्ति ७४५.७ वॅटची आहे. यामुळें इंग्रजी १०० अश्वशक्तीचें एंजिन जर्मन पत्रकांत १०१.४ चें होतें. कापसाच्या व्यवहारांत मुरलेल्या घराण्यांस याचें आश्चर्य वाटणार नाहीं. मुंबईच्या कापूसबाजारांतील खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारें ३५५.६ किलोग्रॅमची, मद्रासेकडील खंडी ५०० पौंडांची. शब्द एकच, वजनें दोन. खंडीचा भाव ऐकतांना ती खंडी कोणत्या पेठेची हें जो विचारीत नाहीं तो बुडतो. अश्वशक्तीच्या बाबतींतहि पहिली सावधगिरी हीच आहे.

माप ठरलें, तरी मोजावयाचें कसें हा प्रश्न उरतो. वॅटच्या काळीं एंजिनाच्या नळकांड्यांतील वाफेचा दाब एका लेखणीनें कागदावर रेखून घेत आणि त्या आकृतीवरून शक्ति काढीत. तिला निर्देशित अश्वशक्ति म्हणतात. परंतु नळकांड्यांत निर्माण झालेली सर्व शक्ति बाहेर येत नाहीं. दट्ट्याचें घर्षण, दांड्यांचें घर्षण, झडपांचें ओझें यांत कांहीं भाग खर्च होतो. म्हणून फिरणाऱ्या दांड्यावरच माप घेण्याची युक्ति हवी होती. ती गास्पार द प्रोनी या फ्रेंच अभियंत्यानें १८२१ सालीं काढली. दांड्याभोंवतीं लांकडी ठोकळे आवळावयाचे, त्यांस एक लांब भुजा बांधावयाची, आणि भुजेच्या टोंकाशीं वजनें टांगून ती स्थिर ठेवावयाची. एंजिन ठोकळ्यांस आपल्याबरोबर फिरवूं पाहतें, वजन तें फिरूं देत नाहीं. भुजेची लांबी, वजन आणि मिनिटास फेरे, एवढीं तीन मापें मिळालीं कीं शक्ति निघाली. गतिरोधकावर, म्हणजे ब्रेकवर, मोजली जाते म्हणून तिला ब्रेक अश्वशक्ति हें नांव पडलें.

हीच युक्ति सोप्या रूपांत अभियांत्रिकीच्या शाळांतून अजून शिकविली जाते. एंजिनाच्या जड चाकाभोंवतीं दोर गुंडाळतात. त्याच्या एका टोंकास वजन, दुसऱ्या टोंकास स्प्रिंगचा काटा. समजा, दोरासह चाकाचा व्यास एक मीटर आहे, वजनांतून काट्याचा आंकडा वजा जातां २४ किलोग्रॅम उरतात, आणि चाक मिनिटास ३०० फेरे घेतें. एका फेऱ्यांत कडेचें अंतर ३.१४ मीटर, मिनिटास ९४२ मीटर, त्यास २४ नें गुणिलें म्हणजे सुमारें २२,६०० किलोग्रॅम-मीटर. एक अश्वशक्ति म्हणजे मिनिटास ४,५०० किलोग्रॅम-मीटर. म्हणून हें एंजिन पांच अश्वशक्तीचें झालें. १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगसमूहानें १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें तेलाच्या एंजिनांसाठीं स्वतंत्र कंपनी काढली. महाराष्ट्रांतील हजारों विहिरींवर जीं डीझेल एंजिनें पुढें बसलीं, त्यांच्या पाटीवरील ‘पांच अश्वशक्ति’ या दोन शब्दांवर शेतकऱ्यानें कर्ज काढलें होतें. आंकडा फुगविलेला असता तर ओलीत अपुरें पडून पीक वाळलें असतें. मापाचा खरेपणा हा केवळ शास्त्रज्ञांच्या वादाचा विषय नाहीं, तो असा घरापर्यंत पोंचतो.

दोर आणि ठोकळे मोठ्या एंजिनांपुढें जळून जात. त्यावर विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्यानें आरमारी जहाजांच्या एंजिनांसाठीं १८७७ च्या सुमारास पाण्याचा गतिरोधक तयार केला. त्यांत फिरणारीं पातीं पाणी घुसळतात, शक्तीची उष्णता होते, आणि ती पाण्याबरोबर वाहून जाते. त्यानंतर विजेच्या भोंवऱ्यांनीं अडवणूक करणारीं यंत्रें आलीं. साधनें बदललीं, तरी तत्त्व प्रोनीचेंच राहिलें. मोटार कारखान्यांत एंजिन गाडींतून वेगळें काढून अशाच चौथऱ्यावर मोजतात, आणि पत्रकांत तोच आंकडा छापतात. तो आंकडा एंजिनाच्या दांड्याचा आहे, चाकाचा नव्हे.

चाकावर मोजण्याची कल्पना प्रथम आगगाडीवाल्यांस सुचली. चार्ल्स बॅबेज या प्रसिद्ध गणितज्ञानें १८३८-३९ च्या सुमारास इंग्लंडमधील ग्रेट वेस्टर्न रेल्वेवर एक मापक-डबा तयार केला होता. एंजिन आणि गाडी यांच्यामधील आंकड्यावर किती ओढ पडते तें त्यांतील लेखण्या सरकत्या कागदावर रेखीत. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत १८९१ सालीं याहून धाडसी प्रयोग झाला. अख्खें एंजिन जागच्या जागीं बांधून त्याचीं चाकें रुळांऐवजीं रोलरांवर ठेवण्यांत आलीं. एंजिन पूर्ण वेगानें धांवे, पण जागचें हालत नसे. स्विंडन येथें १९०४ सालीं आणि रग्बी येथें १९४८ सालीं अशींच परीक्षणस्थानकें उभीं राहिलीं. आजच्या मोटारीचें रोलरांचें शक्तिमापक हें या लोखंडी राक्षसांचें नातवंड आहे.

आगगाडीच्या मापांनीं एक गोष्ट कायमची शिकविली. एकाच एंजिनास तीन प्रामाणिक आंकडे असूं शकतात: नळकांड्यांतील शक्ति, चाकांच्या कडेवरील शक्ति आणि डब्यांस जोडणाऱ्या आंकड्यावरील शक्ति. प्रत्येक आंकडा मागच्यापेक्षां लहान, कारण एंजिनास स्वतःचें अंगहि ओढावें लागतें. बडनेऱ्याच्या शेजारीं मूर्तिजापुराहून अडीच फूट रुंदीच्या रुळांवर यवतमाळ व अचलपूर येथें जाणारी शकुंतला रेल्वे वऱ्हाडी माणसाच्या ओळखीची होती. मँचेस्टर येथें १९२१ सालीं तयार झालेलें तिचें वाफेचें एंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत काम करीत राहिलें. त्या गाडीच्या प्रवाशास नळकांड्यांतील शक्तीशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. चढावर डबे पुढें सरकतात कीं नाहीं एवढेंच त्याला पाहावयाचें असे.

मोटारींच्या व्यापारांत मात्र मोठा आंकडा सांगण्याचा मोह फार काळ टिकला. अमेरिकेंतील कारखाने एंजिन उघडें ठेवून मोजीत. पंखा नाहीं, हवेची गाळणी नाहीं, बाहेरचा धूर वाहणारी पुरी नळी नाहीं. या मापास ‘सकल’ अश्वशक्ति म्हणत. १९७२ सालापासून तेथें सर्व सरंजाम जोडून मोजलेली ‘निव्वळ’ अश्वशक्ति सांगण्याची पद्धत सुरू झाली. त्या वेळचें कॅडिलॅक एल्डोराडो मोटारीचें एंजिन १९७१ सालीं सकल मापानें ३६५ अश्वशक्तीचें होतें. निव्वळ मापानें तें २३५ चें ठरलें. लोखंड तेंच, इंधन तेंच. १३० घोडे केवळ हिशेबाच्या वहींत मेले.

आतां सुपरचार्जरकडे वळावें. त्याचा पूर्वज कापडाच्या धंद्यांत जन्मला. अमेरिकेंतील इंडियाना प्रांतांत कॉनर्सव्हिल येथें लोकरीची गिरणी चालविणाऱ्या रूट्स बंधूंनीं १८६० सालीं, एकमेकांत गुंतून फिरणाऱ्या दोन पाळ्यांच्या यंत्राचें पेटंट घेतलें. पाण्यावर चालावयाचें तें यंत्र हवा ढकलण्यास उत्तम आहे असें आढळलें आणि लोखंडाच्या भट्ट्यांस वारा घालण्यासाठीं तें वापरांत आलें. मोटारीचें एंजिन हेंहि एका अर्थीं भट्टीच आहे; अधिक हवा आंत शिरली तर अधिक इंधन जळतें. बर्लिनच्या १९२१ सालच्या प्रदर्शनांत मर्सिडीझनें हवा दाबून भरणाऱ्या मोटारी मांडल्या. लहान हॅचबॅकच्या पिढींत फोक्सवॅगनची पोलो जी-४० ही अशी मोटार होती. तिच्या सव्वा लिटरपेक्षां किंचित् मोठ्या एंजिनांतून सुमारें ११५ अश्वशक्ति निघे. तिचा सर्पिल आकाराचा हवा-पंप लेओं क्रो या फ्रेंच माणसाच्या १९०५ सालच्या पेटंटावर आधारलेला होता. पुढें २००२ सालीं आलेल्या मिनी कूपर एस या मोटारींत १.६ लिटरचें एंजिन आणि रूट्स जातीचा सुपरचार्जर यांच्या जोरावर १६३ अश्वशक्ति मिळे.

सुपरचार्जर हा एंजिनाच्या दांड्यावरूनच पट्ट्यानें फिरतो, हें येथें लक्षांत ठेविलें पाहिजे. म्हणजे जी शक्ति वाढवावयाची तिच्यांतूनच त्याची मजुरी द्यावी लागते. ही मजुरी वजा झाल्यावर दांड्यावर जें उरतें तें कंपनी मोजते. पुढें शक्ति दंतचक्रांच्या पेटींतून जाते, तेथें तेल घुसळण्यांत आणि दांत्यांच्या घर्षणांत कांहीं जकात भरते. नंतर आंसाचे सांधे, शेवटीं टायर. टायर रोलरावर दाबला जाऊन सतत वाकतो आणि तापतो, ती तिसरी जकात. हे सर्व नाके ओलांडून जें रोलरापर्यंत पोंचतें त्यास चाकावरील अश्वशक्ति म्हणतात.

तें मोजण्याच्या दोन रीती आहेत. एकींत रोलरास पाण्याच्या किंवा विजेच्या गतिरोधकानें अडवून, किती जोर लागला तें काट्यावर पाहतात. ही प्रोनीची रीत. दुसरींत रोलर मुद्दाम जड केलेला असतो आणि मोटारीनें त्याला किती लौकर वेग दिला तें मोजतात; ही शंकरपटाची रीत म्हणावी. समजा, रोलराच्या कडेवर हिशेबानें १,००० किलोग्रॅम वस्तुमान आहे, आणि त्या कडेचा वेग चार सेकंदांत सेकंदास २० मीटरवरून ३० मीटरवर गेला. तर रोलरांत २,५०,००० ज्यूल इतकी ऊर्जा भरली गेली. चार सेकंदांनीं भागितलें म्हणजे सरासरी ६२,५०० वॅट, अर्थात् मीटरी मापाच्या ८५ अश्वशक्ति. यांत कोणाचा अंदाज नाहीं, कोणाची मर्जी नाहीं. फक्त वस्तुमान, वेग आणि वेळ.

मर्जी शिरते ती यानंतर. चाकावरील आंकडा लहान दिसतो म्हणून पुष्कळ ठिकाणीं त्यांत शेंकडा १५ मिळवून ‘एंजिनाचा’ आंकडा सांगतात. परंतु मधली हानि सर्व मोटारींत सारखी नसते. एंजिन आडवें बसवून पुढचीं चाकें फिरविणाऱ्या हॅचबॅकमध्यें शक्तीला काटकोनांत वळावें लागत नाहीं, म्हणून मागचीं चाकें फिरविणाऱ्या मोटारीपेक्षां तेथें हानि सामान्यतः कमी. टायरांतील हवा कमी असली किंवा मोटार पट्ट्यांनीं रोलरांवर जास्त आवळली तर ती वाढते. तेल तापलेलें असलें तर घटते. कांहीं यंत्रांवर वेग चढविल्यानंतर क्लच दाबून रोलर आपोआप मंद होऊं देतात आणि त्यावरून हानि काढतात. ही रीत ठोकळ शेंकडेवारीपेक्षां बरी. सर्वांत प्रामाणिक रीत म्हणजे चाकावर जें मिळालें तें चाकावरचें म्हणूनच सांगणें.

दुसरी मर्जी हवेच्या नांवानें शिरते. एंजिनास हवेचें वस्तुमान लागतें, आणि तापलेली हवा विरळ असते. आंतरराष्ट्रीय पद्धतींत परीक्षेसाठीं २५ अंश सेल्सिअस तपमान प्रमाण धरतात. वैशाखांत अकोला-अमरावतीकडे पारा ४५ अंशांवर चढतो. त्या दिवशीं तेवढ्याच दाबाची हवा सुमारें शेंकडा सहा विरळ असते, आणि साध्या एंजिनाची शक्ति जवळजवळ त्याच प्रमाणांत घटते. म्हणून यंत्र तपमान व दाब पाहून आंकडा दुरुस्त करतें. दुरुस्ती योग्यच आहे, परंतु ती सर्वांस सारखी लागू पडत नाहीं. धुराच्या झोतानें फिरणारा टर्बोचार्जर विरळ हवेंत अधिक वेगानें फिरून उणीव बरीच भरून काढूं शकतो. अशा मोटारीस पुरी दुरुस्ती दिली तर नसलेली शक्ति तिच्या पदरांत पडते. पट्ट्यावरचा सुपरचार्जर एंजिनाच्या फेऱ्यांशीं जखडलेला असल्यामुळें तसें करूं शकत नाहीं. शिवाय हवा दाबली कीं तापते, आणि ती निववणाऱ्या जाळीस वारा हवा असतो. रस्त्यावर ताशीं १०० किलोमीटर धांवतांना मिळणारा वारा बंद खोलींतील पंख्यास पुरवितां येत नाहीं. म्हणून लागोपाठ घेतलेल्या तीन चांचण्यांत सुपरचार्जरची मोटार दर वेळीं थोडी उतरलेली दिसते. पहिली चांचणी सांगावी कीं तिसरी, हें सांगणाऱ्याच्या नीतीवर अवलंबून राहतें.

असें असलें तरी चाकावरच्या मापानें सामान्य ग्राहकाच्या हातीं मोठें शस्त्र दिलें आहे. अमेरिकेंत १९९९ सालीं फोर्ड कंपनीच्या मस्टँग कोब्रा मोटारीस ३२० अश्वशक्ति सांगितली होती. मालकांनीं मोटारी रोलरांवर नेल्या, आणि सर्व जकाती वजा धरूनहि हिशेब जुळेना. कंपनीनें विक्री थांबविली, विकलेल्या मोटारी परत बोलाविल्या, आणि हवा आंत नेणारे व धूर बाहेर नेणारे भाग सुधारून दिले. पुढें २००३ सालीं याच नांवाची सुपरचार्जर लावलेली मोटार आली. तेव्हां सांगितलेल्या ३९० च्या मानानें रोलरांवरचे आंकडे उलट चढेच दिसले. एकदां माप घेणारा ग्राहक भेटला कीं विकणारा हात राखून बोलूं लागतो.

महाराष्ट्रांत या शास्त्राचें माहेर पुणें आहे. तेथील वेताळ टेकडीवर १९६६ सालीं स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था मोटारींच्या मान्यतेच्या परीक्षा घेते. भारतांत पेट्रोल मोटारींच्या धुराचे नियम १९९१ सालीं आणि डीझेलचे १९९२ सालीं लागू झाले. त्यानंतर रोलरांच्या यंत्रास शक्तीखेरीज दुसरें काम मिळालें: मोटार ठरलेल्या चालीनें रोलरांवर चालवावयाची आणि तिचा धूर गोळा करून तपासावयाचा. येथेंच २०१५ सालीं रोलरांची मर्यादा जगापुढें आली. फोक्सवॅगनच्या कांहीं डीझेल मोटारींतील संगणक, मोटार परीक्षेवर आहे कीं रस्त्यावर, हें ओळखीत असल्याचें अमेरिकेंत उघड झालें. पुण्याच्या संस्थेनें मोटारी रस्त्यावर चालवून तपासल्या, तेव्हां धुरांतील प्रमाण प्रयोगशाळेंतल्या प्रमाणापेक्षां कितीतरी अधिक आढळलें. डिसेंबर २०१५ मध्यें कंपनीनें भारतांतील सुमारें ३ लाख २३ हजार मोटारी दुरुस्तीसाठीं परत बोलाविण्याचें जाहीर केलें. भारतीय नियमांचा भंग झाला नाहीं अशी तिची भूमिका होती. ज्या चाकण येथील कारखान्यांत २००९ ते २०२२ पर्यंत पोलो मोटारी तयार झाल्या तो याच कंपनीचा, आणि पुण्याच्या त्या टेकडीपासून फार दूर नाहीं. परीक्षकाला परीक्षार्थी ओळखूं लागला कीं परीक्षा बदलावी लागते, हा धडा त्यांतून मिळाला. तेव्हांपासून धुराचें माप रस्त्यावरहि घेण्याकडे नियमांचा कल झाला.

शहरांतून एंजिनाच्या संगणकांतील आज्ञा बदलून ‘तीस घोडे वाढवून देतों’ असें सांगणारा धंदा आतां चालतो. मूळ बनावटीशीं विसंगत फेरफार कायद्यास मान्य नाहींत, हें मोटार वाहन कायद्याच्या बावन्नाव्या कलमाचा अर्थ लावतांना सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें स्पष्ट केलें आहे. कायद्याचा प्रश्न बाजूस ठेविला तरी ‘तीस घोडे’ खरे कीं खोटे हें जाणण्यास मार्ग एकच: तेंच यंत्र, तोच दिवस, तोच टायरांतील दाब, तीच दुरुस्ती, एक माप आधीं आणि एक नंतर. निरपेक्ष आंकड्यांत दहा वाटा चुकण्याच्या असतात. फरकांत त्यांतील बहुतेक चुका परस्पर वजा होतात.

बडनेऱ्यास १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. ज्या गांवाच्या स्थानकावर एके काळीं कापसाच्या गाड्या येऊन थांबत, त्याच गांवांत आतां तरुण मुलें प्रोनीचा गतिरोधक आणि वॅटची अश्वशक्ति अभ्यासतात. त्यांच्या आजोबांस हीं नांवें ठाऊक नसतील. पण कापसाची गाडी काट्यावर चढवितांना ते गाडीचें वजन वेगळें करून घेत, ओल किती धरली म्हणून भांडत, आणि काटा कोणाचा आहे तें आधीं विचारीत. अश्वशक्तीचा आंकडा ऐकणारानेंहि एवढेंच करावयाचें आहे. घोडा इंग्रजी कीं मीटरी, दांड्यावरचा कीं चाकावरचा, हवेची दुरुस्ती देऊन कीं न देतां, पहिल्या फेरीचा कीं तिसऱ्या. या चार प्रश्नांचीं उत्तरें जो देतो त्याचा आंकडा लहान असला तरी घ्यावा. जो देत नाहीं त्याचा कितीहि मोठा असला तरी काट्यावर चढविल्यावांचून घेऊं नये.